पद्माकररावांची मॉरिस

ट्रॅक्टरला दोरखंडाने बांधलेली ती मॉरिस मायनर आमच्या कॉलनीच्या फाटकातून आत शिरली तेव्हा स्टिअरिंगवर अवंती बसली होती. दोन्ही हात घट्ट, ओठ मिटलेले, नजर समोरच्या दोरावर. ट्रॅक्टर आमच्या साखर कारखान्याचा, त्यावर बाबालाल मुजावर. वळण आलं की तो मागे वळून हात करायचा आणि अवंती बरोबर त्या बेताने चाक फिरवायची. सांगलीपासून दोघं तशीच आली होती. तिची आई कुमुद सामानाच्या टेम्पोतून आधीच पोचली होती आणि माझ्या क्वार्टरच्या पायरीवर उभी राहून वाट बघत होती.

"गाडी येणार नसेल तर मीही येत नाही म्हणाली," कुमुद मला हळूच म्हणाली. "मग काय करणार मी?"

"आली ना? झालं तर मग," मी म्हणालो.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं होऊन गेली. तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडलेला, बॉयलर हाऊसचा फोरमन. नाव सुकुमार मगदूम. रात्रंदिवस आगीपुढे उभं राहणाऱ्या माणसाचं नाव सुकुमार, याचं आमच्या पाळीतल्या लोकांना कायम हसू यायचं. लग्न राहूनच गेलं होतं. आई अंथरुणाला खिळून होती, ती गेली तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. मग कुणीतरी कुमुदचं सुचवलं. तिचे पती पद्माकर बिरनाळे सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. दोन वर्षांपूर्वी, जून महिन्यात, वर्गात फळ्यावर चित्र काढता काढता खाली बसले ते उठलेच नाहीत. मागे कुमुद, अठरा वर्षांची झालेली अवंती आणि ही गाडी.

आमचं लग्न साधेपणाने झालं. महिन्याभराने मायलेकी माझ्याकडे राहायला आल्या, त्याच दिवशी मॉरिसही आली. क्वार्टरच्या बाजूला शेवग्याच्या झाडाखाली ती उभी राहिली.

अवंती माझ्याशी कधी वाईट वागली नाही. काका म्हणायची, ताटातलं सगळं संपवायची, विचारलं तेवढं सांगायची. पण घरात वावरायची ती पाहुण्यासारखी. पाणी प्यायलेलं भांडं विसळून जागेवर ठेवायची, रेडिओ लावायचा असला तरी आधी विचारायची. कॉलेजच्या बसने संध्याकाळी परत आली की दप्तर घेऊन सरळ गाडीत जाऊन बसायची. अभ्यास तिथेच. कुमुद खिडकीतून चहा द्यायची. मी कामावरून येताना गाडीजवळून जायचो तेव्हा ती मान वर करून हसायची आणि पुन्हा पुस्तकात बघायची. मीही थांबायचो नाही. काय बोलावं ते सुचायचं नाही.

असे पंधरा-वीस दिवस गेले. मग एका सुट्टीच्या सकाळी मी पायरीवर दाढी करत होतो तर ती समोर येऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही बॉयलरचं बघता ना?"

"होय की."

"म्हणजे पाणी, वाफ, त्यातलं सगळं तुम्हाला कळतं."

"सगळं कुठलं? थोडं कळतं."

"मग ही गाडी का तापते ते सांगाल?"

आपण होऊन तिने विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो. कुमुद आतून बघत होती, ती तोंडाला पदर लावून हसली.

गळीत हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता. मला वेळच वेळ. मोटारीचं मला फारसं माहीत नव्हतं, पण तापणारं यंत्र म्हणजे शेवटी आमच्याच जातीचं. आम्ही बॉयलरवाले आधी पाणी बघतो, मग आग, मग वारा. त्याच क्रमाने जायचं ठरवलं. आणि त्याच्याही आधी रोग्याची हकिगत विचारायची.

"कधी तापते? उभी असताना का पळताना?"

अवंतीने विचार केला. "पळताना नाही. सपाट रस्त्यावर काही होत नाही. बाजारात गर्दीत अडकली की तापते. आणि चढावर."

"आणि कधीपासून?"

"पप्पा होते त्या शेवटच्या उन्हाळ्यापासून. त्याआधी कधीच नाही."

गाडीला उष्णता दाखवणारा काटाच नव्हता. बॉनेटमधून वाफ आली की कळायचं. बंद पडून राहिल्याने बॅटरी मेलेली होती, ती कारखान्यात चार्ज करून आणली. पेट्रोल बदललं. हँडल मारून मारून माझा खांदा भरून आला तेव्हा कुठे मॉरिस खोकली आणि सुरू झाली. अवंतीने टाळी वाजवली. मग आपण टाळी वाजवली हे तिच्या लक्षात आलं आणि हात मागे घेतले.

रेडिएटर जागेवरच खालून पाणी सोडून उलटा धुतला. गढूळ तांबडं पाणी निघालं, पण फार नाही. पाइप दाबून पाहिले, कुठे चिरलेले नव्हते. टोपणाचं रबर जुनं झालं होतं ते बदललं. पंप पाणी नीट फिरवत होता. इंजिन चालू ठेवून रेडिएटरमध्ये डोकावलो, बुडबुडे येत नव्हते, म्हणजे इंजिनाच्या जोडातलं गॅस्केट शाबूत होतं. प्रत्येक वेळी अवंती विचारायची, "हे असेल का?" आणि मी "नाही, हे बरं आहे," म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. भाग चांगला निघाला की माणसाला बरं वाटायला हवं. तिचं उलटंच होतं. मला ते जाणवलं, पण अर्थ लागला नाही.

थर्मोस्टॅट काढला तो दिवस मला चांगला आठवतो. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची छोटी झडप. पाणी गरम झालं की ती आपोआप उघडते. अडकली की गाडी तापते. मी अवंतीला म्हणालो, "हिची परीक्षा स्वयंपाकघरात घ्यायची."

कुमुदच्या दुधाच्या पातेल्यात पाणी घालून ती झडप आम्ही स्टोव्हवर ठेवली. तिघंही वाकून बघत होतो. पाणी चुळबुळायला लागलं तशी झडप हळूहळू उघडली, अगदी कळी उमलावी तशी. उतरवून गार केली, मिटली. पुन्हा गरम केली, पुन्हा उघडली.

"हीसुद्धा चांगली," अवंती म्हणाली.

"ते पातेलं आता गाडीलाच देऊन टाका," कुमुद म्हणाली.

पाणी झालं, आग झाली. राहिला वारा.

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू करून मी बॉनेट उघडलं. वर्तमानपत्राचं एक पान घेतलं आणि रेडिएटरच्या पुढे धरलं. मागचा पंखा वारा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून बसायला हवा. तो चिकटला नाही. नुसता हलला, आणि मी हात सोडताच घसरून खाली पडला.

मी इंजिन बंद केलं आणि वाकून पंख्याकडे बघितलं. चार पाती, सुंदर हिरव्या रंगाची. पोपटाच्या पंखासारखा रंग. आणि पात्यांची खोल बाजू जिकडे हवी त्याच्या बरोबर विरुद्ध होती. पंखा उलटा बसवला होता. फिरत होता, थोडा वारा ओढतही होता, पण जेमतेम. सपाटीला गाडी पळत असली की समोरून वारा मिळतो, तेव्हा पंखा कसाही असला तरी भागतं. गर्दीत आणि चढावर सगळी भिस्त पंख्यावर. इतके दिवस शोधत होतो ते हे. मला एवढा आनंद झाला की मी जवळजवळ ओरडणारच होतो.

"छान दिसतोय ना?" अवंती माझ्या शेजारी वाकून म्हणाली. "तो मी रंगवलाय."

मी तोंड मिटलं.

"दहावीची परीक्षा झाली होती माझी. पप्पांनी सगळी गाडी खोलून साफ केली. पंखा काढून पेपरवर ठेवला होता. मी म्हटलं, हा मी रंगवू? ते म्हणाले, रंगव. थोडासाच रंग होता, वरची बाजू रंगवली आणि डबा संपला. मग रंगवलेली बाजू पुढे करून मीच बसवला. पप्पांनी बोल्ट फक्त शेवटी आवळले. म्हणाले, रस्त्यावरच्या कुणाला दिसणार नाही, पण आपल्याला माहीत असेल."

ती पुढे झाली आणि बोटाने एका पात्यावरची धूळ पुसायला लागली.

"मग आम्ही पन्हाळ्याला गेलो. मीच हट्ट केला होता. वाघबिळाच्या पुढे चढावर गाडी उकळली. एवढी वाफ आली की मी घाबरून खाली उडी मारली. मे महिन्यातली दुपार. पप्पा कॅन घेऊन पाणी आणायला खाली गेले. मला म्हणाले, तू गाडीपाशी थांब. आई त्यांच्याबरोबर गेली. आणलेलं पाणी गाडी पिऊन टाकायची, सुरू केली की पुन्हा वाफ. पुन्हा ते जायचे. तीनदा, चारदा. वळणावरून वर येताना दिसायचे ना, तेव्हा त्यांचा शर्ट ओला झालेला असायचा. शेवटी आम्ही तिथूनच परत फिरलो. आणि जूनमध्ये ते गेले."

शेवग्याची बारीक पानं बॉनेटवर पडत होती.

"डॉक्टर म्हणाले, हृदय. पण त्या उन्हात तो चढ इतक्या वेळा चढले नसते, तर?" ती अजून पात्याकडेच बघत होती. "म्हणून मला कळायला हवं, काका. गाडी का तापली ते. एखादा भाग खराब निघाला ना, तर मला बरं वाटेल. आपोआप खराब झालेला."

"बघू या," मी म्हणालो. "अजून बघायचं बरंच राहिलंय."

"पंख्याचं काय?"

"पंखा ठीक आहे."

संध्याकाळी अवंती गाडीत वाचत बसली होती तेव्हा मी कुमुदला मागच्या अंगणात बोलावलं आणि सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"तिच्या मनात असं आहे हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. एकदाही बोलली नाही माझ्याशी."

"पंख्याचं कळलं तर तिला काय वाटेल?"

"काय वाटायचं? मीच मारलं पप्पांना, असं वाटेल." कुमुदने ताट बाजूला ठेवलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग म्हणाली, "तुम्ही नका सांगू."

"नाही सांगत."

"तुम्हाला खोटं बोलता येतं का पण?"

"सवय नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी उठलो. दोघी झोपलेल्या होत्या. रेडिएटर सोडवून बाजूला ठेवला, पंख्याचे चार बोल्ट काढले, पंखा हातात घेतला. एका बाजूला तो हिरवागार होता, दुसऱ्या बाजूला नुसतं काळपट लोखंड. मी तो फिरवला आणि बसवला. आता हिरवी बाजू इंजिनाकडे गेली. तेवढ्यापुरता जीव हळहळला, पण म्हटलं, जाळीतून आत कोण बघतंय? सगळं जागच्या जागी लावलं. सूर्य वर आला तेव्हा मी हात धुऊन चहा पीत होतो.

त्या दिवशी कोल्हापूरला जाऊन नवीन थर्मोस्टॅट आणला. अवंतीसमोर तो बसवला आणि म्हणालो, "जुना मधूनच अडकत होता. पातेल्यात उघडतो, पण गाडीत दाबाखाली कधी कधी उघडत नाही. असे असतात काही."

"म्हणजे तो खराब होता?"

"खराबच. वय झालं होतं त्याचं."

तिने जुना थर्मोस्टॅट माझ्या हातातून घेतला आणि कुर्त्याच्या खिशात टाकला.

आम्ही गाडी घेऊन निघालो. कुमुद मागे, अवंती पुढे माझ्या शेजारी. उसाच्या रस्त्यांनी हिंडलो, बाजाराच्या गर्दीत मुद्दाम शिरलो. दोन बैलगाड्या आणि एक एसटी यांच्यामध्ये अर्धा तास अडकून पडलो. मी मनात णमोकार मंत्र म्हणत होतो. वाफेचा मागमूस नव्हता. अवंती खिडकीतून बाहेर बघत होती आणि गुणगुणत होती. कुमुदने मागून माझ्या खांद्याला हलकेच हात लावला.

पुढचे चार-पाच दिवस आमच्या घरात वेगळेच होते. अवंती न विचारता रेडिओ लावायला लागली. जेवताना कॉलेजातल्या गमती सांगायला लागली. एकदा तर चटणी तिखट झाली म्हणून आईवर रुसली. पाहुणी मुलगी कधी रुसत नाही. मला तिचं ते रुसणं फार आवडलं.

आणि मग एका संध्याकाळी कामावरून आलो तर स्वयंपाकघरातून स्टोव्हचा आवाज येत होता. कुमुद जैन मंदिरात गेली होती. आत अवंती उभी होती, समोर तेच पातेलं, त्यात तोच जुना थर्मोस्टॅट. मी दारात थांबलो. तिने मला पाहिलं.

"कॉलेजातून आल्यापासून करते आहे," ती शांतपणे म्हणाली. "गरम करते, गार करते. एकदाही अडकला नाही."

"दाबाखाली..."

"मी आमच्या सरांना विचारलं. झडपा क्षार साचून अडकतात. ही आतून स्वच्छ आहे." तिने स्टोव्ह बंद केला. "मग मी बॉनेट उघडलं."

मी दारातून आत आलो.

"पंखा फिरवलात ना?"

"हो."

"उलटा होता?"

तिच्या डोळ्यांत बघून पुन्हा खोटं बोलणं मला जमलं नाही. "उलटा होता," मी म्हणालो.

तिने मान हलवली. हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. माझ्या बाजूने निघून बाहेर गेली आणि गाडीत जाऊन बसली, चालकाच्या जागी. मी मागोमाग गेलो. शेजारच्या जागेवर बसलो. काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं, पण तिला एकटं सोडायचं नाही एवढं ठाऊक होतं.

"रंगवलेली बाजू पुढे हवी म्हणून मीच तसा लावला," ती म्हणाली. "पप्पांनी मला काहीसुद्धा म्हटलं नाही. त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नसेल. मला छान वाटावं म्हणून त्यांनी बघितलंच नसेल."

"पंखा उलटा बसतो, अवंती. माझ्या बॉयलरवर पंधरा वर्षं काम केलेल्या फिटरने बसवलाय उलटा."

"त्याचं कुणी मेलं नाही."

मी काचेतून फाटकाकडे बघत राहिलो.

कुमुद आली तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो. फाटकातून येताना तिने आमच्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं असावं. घरात न जाता ती सरळ गाडीकडे आली, मागचं दार उघडून आत बसली. हातात मंदिरातली तांदळाची डबी होती, ती मांडीवर ठेवली.

"पाणी त्यांनी आणलंच नाही, अवू," ती म्हणाली.

अवंती वळली नाही. आरशातून तिने आईकडे बघितलं.

"त्याच्या आदल्या दिवाळीत मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. हृदय फार अशक्त झालंय. जिना चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही. किती दिवस, ते सांगता येत नाही. तुझं दहावीचं वर्ष होतं. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, अवूला कळता कामा नये. मी दिलं. द्यायला नको होतं."

"मी बघितलं त्यांना," अवंती म्हणाली. "कॅन घेऊन वर येताना."

"वळणापासून वर. तेवढंच तुला दिसत होतं." कुमुद पुढे सरकून बसली. "वळणापलीकडे एक आंब्याचं झाड आहे. ते तिथे सावलीत बसायचे. खालच्या वस्तीवरून पाणी मी आणायची. मी वळणाशी आले की उठायचे आणि माझ्या हातातून कॅन घ्यायचे. म्हणायचे, आण इकडे, तिला मी दिसू दे. शर्ट ओला असायचा कारण ते डोक्यावर पाणी ओतून घ्यायचे. मी ओरडायची, तर हसायचे. त्या दिवशी त्यांना काही झालं नाही. घरी येऊन रात्री दोन वाट्या आमरस खाल्ला त्यांनी. तुला आठवत नाही का?"

अवंती म्हणाली, "आठवतो."

"दम त्यांना त्याआधीही लागायचा आणि नंतरही लागायचा. पंखा सुलटा असता तरी शाळा सुरू झाल्यावर ते फळ्यापुढे उभे राहिलेच असते."

अवंतीने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. थोड्या वेळाने सरळ बसली आणि म्हणाली, "सगळ्यांनीच लपवलंत. पप्पांनी, तू, आणि आता काकांनी. मला सांगण्यासारखी मी कुणालाच वाटले नाही."

मग दार उघडून घरात गेली. आम्ही दोघं गाडीत बसून राहिलो. कुमुद मागे रडत होती. मी मागे वळून तिचा हात हातात धरला, त्या उंच पाठीच्या सीटवरून, खांदा दुखेपर्यंत.

तो आठवडा कठीण गेला. अवंती कॉलेजला जायची, यायची, खोलीत बसायची. गाडीत जाऊन बसणं मात्र थांबलं. कुमुदला धीर निघत नव्हता, ती सारखी म्हणायची, "तिच्याशी बोला तुम्ही." मी म्हणायचो, "तिचं होऊ दे." बॉयलर तापला की झडप सोडून बाजूला उभं राहायचं असतं, हात घालायचा नसतो. एवढंच मला येत होतं.

शनिवारी दुपारी मी बॉयलर हाऊसमध्ये भिंतीच्या विटा तपासत होतो. बाबालाल आत आला, म्हणाला, "साहेब, पोरगी आलीया तुमची." माझ्या आयुष्यात ते वाक्य मी प्रथम ऐकलं. बाहेर आलो तर राखेच्या ढिगाशेजारी अवंती उभी होती.

"उद्या पन्हाळ्याला जायचं?" तिने विचारलं.

"जाऊ की."

"गाडी चढेल?"

"चढायला पाहिजे," मी म्हणालो. "खात्री नाही देत. चढली नाही तर काय झालं ते तुला तिथल्या तिथे सांगेन."

ती किंचित हसली. "चालेल," म्हणाली.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. पावसाळा सरून गेला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी रानफुलं होती. कोल्हापूर ओलांडलं. वाघबीळ मागे पडलं, चढ लागला. मी दुसऱ्या गिअरवर आलो. मॉरिस गुरगुरत वर चढायला लागली आणि माझं सगळं लक्ष बॉनेटच्या फटीकडे. एक वळण गेलं, दुसरं गेलं. वाफ नव्हती.

"थांबा," अवंती म्हणाली.

"तापली नाही अजून. सहज जाईल वरपर्यंत."

"माहीत आहे. इथेच थांबा, काका."

मी गाडी कडेला घेतली, चाकाला दगड लावला. अवंती उतरली. कुमुदही उतरली. वर डोंगराची उभी भिंत, खाली उतारावर शेतं. अवंती रस्त्याच्या मधोमध उभी राहून खालच्या वळणाकडे बघत होती. मग तिने मागे न बघता आईकडे हात पुढे केला. कुमुदने तो धरला. दोघी हळूहळू उतार उतरून वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या.

मी गाडीत बसून राहिलो. माझं तिथे काही काम नव्हतं. ती जागा त्या तिघांची होती. एक एसटी वर गेली, एक म्हातारा गवताचा भारा घेऊन खाली गेला. इंजिन गार होत टिकटिकत होतं. मी उतरलो, उगाच बॉनेट उघडून पाण्याची पातळी बघितली, पुन्हा बंद केलं. वळणाकडे बघायचं नाही असं ठरवून डोंगराकडे बघत उभा राहिलो.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. चपलांचा आवाज आला. अवंती एकटीच वर येत होती. डोळे सुजलेले होते, चेहरा धुतल्यासारखा. माझ्यापासून थोड्या अंतरावर ती थांबली. चढाने तिला धाप लागली होती.

"आईने सगळं दाखवलं," ती म्हणाली. "कुठे बसायचे, कुठून पाणी आणलं."

"बरं झालं."

"तुम्ही इथे एकटे काय करताय?"

"गाडीपाशी थांबलोय. कुणीतरी पाहिजे ना गाडीपाशी."

तिने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "गाडीला काय होतंय आता?" ती म्हणाली. "चला की. आई डबा सोडून बसलीय. तुमच्यासाठी खोळंबलोय आम्ही."

मी दारं लावली, किल्ली खिशात टाकली आणि तिच्या मागून उतार उतरलो. वळण ओलांडल्यावर ते झाड दिसलं, रस्त्यापासून थोडं आत, जुनं आणि पसरट. बुंध्याशी कुमुदने चादर अंथरली होती. बसायची ऐसपैस जागा एकच होती, दोन मुळांच्या मधली, आणि तिथे कुणी बसलं नव्हतं. मी कडेला, उन्हात बसायला लागलो.

"तिथे नको, काका," अवंती म्हणाली. "ऊन आहे तिथे. इकडे सावलीत बसा."

मी त्या दोन मुळांच्या मधे बुंध्याला टेकून बसलो. तिने माझ्या हातात ताटली दिली.